अमेरिकन माणूस देश का सोडतो?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता 'अमेरिकेतील संधी'. समोर आजच्या नववी-दहावीची मुलेही बसणार आहेत, त्यांना चार गोष्टी सांगा, असे ते म्हणाले. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि नंतर कळवले की मला थोडे उलट्या बाजूने बोलायचे आहे. अमेरिकेत कसे जायचे हे सांगणारे पुष्कळ लोक आहेत, इस्लामपुरात त्याचे क्लासही निघाले आहेत. मी बोलणार आहे ती अमेरिकेत जन्मलेली, तिथेच वाढलेली माणसे अमेरिका सोडून का जातात, यावर.

तुम्ही म्हणाल, असे लोक असतात तरी किती? मलाही आधी तसेच वाटायचे. आपल्या भूगोलाच्या सरांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून अमेरिका दाखवली, तेव्हापासून माझ्या डोक्यात एक जिना होता. सर्वांत खाली आपला वाळवा तालुका, वर सांगली, त्यावर पुणे-मुंबई, आणि शेवटच्या पायरीवर अमेरिका. १९९२ साली लग्नानंतर मी न्यू जर्सीला उतरले तेव्हा आईने गावभर पेढे वाटले होते. शेवटच्या पायरीवर पोहोचलेला माणूस तिथून आणखी कुठे जाईल, हा प्रश्नच मला कधी पडला नाही.

तो पडला माझ्या कामामुळे. गेली तेवीस वर्षे मी लोकांची आयकराची विवरणपत्रे भरून देते. तिथे एन्रोल्ड एजंट नावाची एक सरकारी परीक्षा असते, ती मी मुले शाळेत जायला लागल्यावर दिली. आपल्या गणिताच्या बाईंनी 'रीत लिहिल्याशिवाय गुण नाहीत' म्हणून जी सवय लावली, तिच्यावर माझे घर चालले आहे. बाई आज समोर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तर अमेरिकेचा कायदा असा आहे की तिचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहो, त्याने दरवर्षी अमेरिकेला विवरणपत्र भरायचे. कर राहण्याच्या जागेवर नाही, नागरिकत्वावर. असा नियम लावणारा जगात दुसरा देश म्हणजे इरिट्रिया. त्यामुळे देश सोडून गेलेली माणसेही माझ्यासारखीच्या टेबलावर येत राहतात. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे अशा दोन फायली होत्या. आज चाळीसच्या वर आहेत. मेक्सिको, पोर्तुगाल, स्पेन, कोस्टा रिका, एक जर्मनी. नावे मी सांगणार नाही, पण या फायलींमधून मला जे दिसले ते सांगते.

आधी आकड्यांबद्दल थोडे. परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांची नेमकी संख्या कुणाकडेच नाही, कारण तिथली जनगणना त्यांना मोजत नाही. एक सरकारी अंदाज ४०-४५ लाखांचा आहे, दुसरा ९० लाखांचा. यातले सगळे काही चांगल्या आयुष्याच्या शोधात गेलेले नाहीत. कुणी लग्न करून गेले, कुणी नोकरीने, कुणी सैन्यातून. मेक्सिकोत सर्वांत जास्त आहेत, पण त्यात आपल्या आईबापांच्या गावी परतलेली मेक्सिकन कुटुंबेही भरपूर आहेत. तरीही ठरवून, हिशोब करून निघणारा एक वर्ग वाढतो आहे, हे खरे. पोर्तुगालचेच पाहा. तिथे परवाना घेऊन राहणारे अमेरिकन २०२१ मध्ये सात हजारांच्या आसपास होते, २०२३ अखेरीस ते चौदा हजारांच्या आसपास गेले. आकडा लहान आहे, पण दोन वर्षांत दुप्पट.

आता एक घर सांगते. आमच्याच गावातले जोडपे. तो छपाईच्या कारखान्यात सुपरवायझर, ती शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ. दोघेही जन्माने न्यू जर्सीचे. २०१९ मध्ये कारखाना बंद झाला. तो ६१ वर्षांचा, ती ५९ ची. आपल्याकडे नोकरी गेली की पगार जातो. तिथे पगाराबरोबर दवाखानाही जातो, कारण बहुतेकांचा आरोग्यविमा मालकाकडून मिळतो. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे, पण ती ६५ व्या वर्षी सुरू होते. मधल्या चार वर्षांचे काय?

२०१० च्या कायद्याने खुल्या बाजारात विमा घेता येतो आणि उत्पन्न कमी असेल तर सवलतही मिळते. पण कारखान्याने जाताना दिलेली एकरकमी रक्कम उत्पन्नात धरली गेली, ते मर्यादेच्या वर गेले आणि सवलत बुडाली. दोघांचा हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे. शिवाय वर्षातले पहिले काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून भरल्यावरच विमा कामाला लागणार. त्यात न्यू जर्सीची घरपट्टी, जी साऱ्या देशात सर्वांत चढी, सरासरी वर्षाला नऊ-दहा हजार डॉलर. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "घर फिटले आहे, कर्ज नाही, चाळीस वर्षे काम केले. आणि मला आजारी पडायची भीती वाटते." मी तेव्हा दिलासा दिला, कागद पुढे सरकवले. पण घरी येताना गाडीत मला आपले वडील आठवले. त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, पण आजारपणाच्या बिलाच्या भीतीने त्यांची झोप उडाल्याचे मला आठवत नाही. अर्थात आता आपल्याकडेही ती भीती आली आहे, हे मला ठाऊक आहे. कोविडमध्ये कुणाकुणाचे शेत गहाण पडले हे इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अमेरिका आपल्या एकूण उत्पन्नाच्या सतरा टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करते. पोर्तुगाल करतो दहा टक्क्यांच्या आसपास, तोही कितीतरी लहान उत्पन्नातून. आणि तरी पोर्तुगालचा माणूस सरासरी ८२ वर्षे जगतो, अमेरिकेचा ७८. माझ्या त्या गिऱ्हाइकाने हे आकडे कुठेतरी वाचले, कागदावर लिहून आणले आणि मला विचारले, "बरोबर आहेत का?" बरोबर होते.

पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा १९७९ साली सुरू झाली. त्याआधी पाच वर्षे, २५ एप्रिल १९७४ ला, तिथली हुकूमशाही एका जवळजवळ रक्तहीन उठावात कोसळली होती. बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुले खोचलेले सैनिक तुम्ही चित्रात पाहिले असतील. गरीब देश होता, पण उपचार हा हक्क आहे असे त्यांनी ठरवले. आपल्या गोव्यावर साडेचारशे वर्षे बसलेला हाच तो देश, म्हणून मला त्याच्याबद्दल फारशी माया नव्हती. पण हे ऐकून मान डोलवावी लागली.

या देशाचा एक व्हिसा आहे, डी-सेव्हन. निवृत्तिवेतन, भाडे, व्याज असे न राबता येणारे उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके असेल तर तो मिळू शकतो. २०२५ मध्ये हे किमान वेतन ८७० युरो होते, पती-पत्नी असतील तर त्याच्या दीडपट. अमेरिकेतल्या निवृत्त कामगाराला सोशल सिक्युरिटीचे सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. म्हणजे न्यू जर्सीत जो माणूस महिनाअखेर मोजत बसतो, तोच तिथे खाऊनपिऊन सुखी ठरतो. त्या दोघांनी घर विकले आणि २०२१ मध्ये गेले.

केवळ स्वस्ताई हे एकच कारण असते तर मी हे भाषण केले नसते. माझ्या फायलींत आणखी दोन कारणे पुन्हा पुन्हा येतात.

एक, वेळ. अमेरिकेत भरपगारी रजा द्यायलाच हवी असा देशव्यापी कायदा नाही. बाळंतपणासाठी १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे नोकरी राखून ठेवली जाते, पण बिनपगारी, आणि तीही सर्वांना लागू नाही. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी सात आठवड्यांनी कामावर गेले होते. पोर्तुगालमध्ये वर्षाला २२ दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. कामाची वेळ संपल्यावर मालकाने नोकराला फोन करू नये, असा कायदाही त्यांच्या संसदेने २०२१ मध्ये केला. जर्मनीत माणूस वर्षाला सुमारे १,३५० तास काम करतो, अमेरिकेत सुमारे १,८००. साडेचारशे तासांचा फरक म्हणजे आठ-आठ तासांचे पन्नासहून अधिक दिवस. जर्मनीला गेलेला माझा गिऱ्हाईक तरुण आहे, संगणकातला आहे, पैसे आधीपेक्षा कमी मिळवतो. तो सांगतो, "मी मुलीला रोज शाळेतून आणतो." त्याच्या पत्रात दुसरे कौतुक नव्हते.

दुसरे कारण भीती. हे सांगताना मला अजून जड जाते. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेत एका माथेफिरूने वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे गोळ्या घालून मारली. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेत सराव झाला. दिवे बंद करायचे, दाराला कडी घालायची, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचे, आवाज करायचा नाही. घरी येऊन त्याने मला शांतपणे विचारले, "आई, मला शिंक आली तर?" मित्रांनो, आपल्या वेळी पावसात छप्पर गळायचे, बाकड्याला खिळे असायचे, पण शाळेत कुणी आपल्याला मारायला येईल हे आपल्या स्वप्नातही नव्हते. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक आहे. अपघात नाही, कर्करोग नाही. माझ्याकडच्या दोन तरुण कुटुंबांनी देश सोडला तो यासाठी. पैशाने ते तिथे उत्तम होते.

हे जाणे काही आजचे नाही. आधीही लोक गेले आहेत, आणि स्वस्ताईपेक्षा मोठ्या कारणाने गेले आहेत. काळ्या वर्णाचे लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन पॅरिसला गेले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. जोसेफिन बेकर त्याही आधी, १९२५ मध्ये. स्वतःच्या देशात ज्या दारातून आत जाता येत नव्हते, ते दार दुसऱ्या देशात उघडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसे मिळत, ते घेऊन काहीजण मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदेला चित्रकला शिकायला गेले आणि तिथेच रमले. ग्वादालाहाराजवळ चापाला सरोवराच्या काठी तर अमेरिकनांची वस्ती इतकी जुनी आहे की त्यांचे मंडळ १९५५ मध्ये स्थापन झाले. आपली न्यू जर्सीची मराठी मंडळी गणपती बसवतात ना, तसेच ते. परक्या मुलखात माणूस आधी आपली माणसे शोधतो, मग तो वाळव्याचा असो की ओहायोचा.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण बाईंनी रीत पूर्ण लिहायला शिकवले आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात मी आणि हे पोर्तुगालला एक महिना राहून आलो. खरे सांगायचे तर पाहणी करायला गेलो होतो. हे त्रेसष्टचे होतील, माझी साठी आली. ते छपाईवाले जोडपे काल्दास दा राइन्या नावाच्या गावात राहते. लिस्बनच्या उत्तरेला, रेल्वेने जाता येते. नावाचा अर्थ राणीचे गरम झरे. लिओनोर नावाच्या राणीने १४८५ मध्ये त्या झऱ्यांवर रुग्णालय बांधले, त्यावरून गाव वसले. गावाच्या मधल्या चौकात रोज सकाळी भाजी-फळांचा बाजार भरतो. आसपासचे शेतकरी टोपल्या मांडून बसतात. मी त्यात पाऊल टाकले आणि कानावर शब्द आले: बटाटा, कोवी, अननस. बटाटा तोच, अननस तोच, कोवी म्हणजे आपली कोबी. तिथूनच ते आपल्याकडे आले. चावी, बालदी आणि ज्याच्या मागे आपण सगळे पळालो तो पगारसुद्धा पोर्तुगीज. मी एकटीच हसत उभी राहिले, भाजीवाल्या आजीने मला एक पेरू हातात ठेवला तसे नासपती ठेवले.

तो आणि ती दोघेही बरे दिसत होते. गाडी विकली आहे, रोज चालतात. त्याला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास झाला, सरकारी रुग्णालयात चार महिने थांबायला सांगितले. शेवटी खाजगीत केले, तेही न्यू जर्सीत खिशातून भराव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा कमीत झाले. म्हणजे तिथेही सारे आलबेल नाही. पंधरा लाखांहून अधिक लोकांना कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर मिळालेला नाही. परदेशी लोकांचे परवाने देणारे नवे खाते २०२३ मध्ये सुरू झाले, ते लाखो तुंबलेली प्रकरणे घेऊनच. आणि अमेरिकेची मेडिकेअर देशाबाहेर सहसा चालत नाही. तिथे असताना तिचा हप्ता भरला नाही, आणि सत्तराव्या वर्षी परत यावे लागले, तर जितकी वर्षे उशीर तितका दंड हप्त्यात कायमचा चढतो. मी हे प्रत्येक जाणाऱ्याला कागदावर लिहून देते. परदेशी बँकांतली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल भरावा लागतो, तोही. हा अहवाल आपल्या एनआरआय मंडळींना सांगलीच्या बँकेतल्या ठेवीपायी चांगलाच ओळखीचा आहे.

एका संध्याकाळी ती ग्रंथालयवाली मला म्हणाली, "इथे सगळे चांगले आहे. फक्त माझा नातू मला पडद्यावर ओळखतो, दारात ओळखत नाही." मी काहीच बोलले नाही. तीस वर्षे माझी आई माझ्याबद्दल हेच म्हणत होती. फक्त तेव्हा पडदा नव्हता, महिन्यातून एक फोन होता.

त्यांच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात, पोर्तुगीज. मोडक्या इंग्रजीत बोलले. त्यांची मुलगी नर्स आहे, ती स्वित्झर्लंडला गेली. का, तर लिस्बनमध्ये तिच्या पगारात घर मिळेना. एका खोलीच्या घराचे भाडे किमान वेतनाच्या वर गेले आहे. बाहेरून आलेले डॉलर आणि युरो, पर्यटकांना रोजाने दिलेली घरे, सरकारने परदेशी लोकांना दिलेल्या करसवलती, या सगळ्यांनी मिळून भाव चढवले. २०२३ मध्ये लिस्बनचे लोक घरासाठी रस्त्यावर उतरले. त्या सरकारने मग घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला, जुनी करसवलतही २०२४ पासून नव्या लोकांना बंद केली. २०२५ च्या जुलैत मेक्सिको सिटीच्या रोमा आणि कोंदेसा या भागांत असाच मोर्चा निघाला, अमेरिकनांमुळे आम्ही आमच्याच गल्लीतून हाकलले जातोय म्हणून. पोस्टमन काका चिडून बोलत नव्हते. एवढेच म्हणाले, "ते आमच्याकडे जगायला येतात, आमची मुले दुसरीकडे जगायला जातात."

तिथे मला जरा लाज वाटली. पोर्तुगालमुळे नाही, इस्लामपूरमुळे. आम्ही डॉलरवाल्यांनी २००५ नंतर इथे प्लॉट घेतले, पडीक ठेवले, भाव चढले. माझ्या सख्ख्या भावाला, जो इथल्या शाळेत मास्तर आहे, त्याला घरासाठी जागा गावाबाहेर घ्यावी लागली. आपल्याकडे कुणी मोर्चा काढला नाही, इतकेच.

आणि याच भागात मला आणखी एक अमेरिकन आठवते. तुम्हालाही आठवत असेल. आपण शाळेत होतो तेव्हा एक गोरी बाई मराठीत बोलते, याचेच आपल्याला अप्रूप होते. गेल ऑम्व्हेट. मिनिआपोलिसला १९४१ मध्ये जन्मल्या, बर्कलीला डॉक्टरेट केली, विषय होता महात्मा फुले आणि सत्यशोधकांची चळवळ. भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावला आल्या, १९८३ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच गेल्या. तिकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन. त्यांनी फलटणच्या बोलीवर अभ्यास केला, परदेशी लोकांना मराठी शिकवणारी पुस्तके लिहिली आणि मुलांसाठी शाळा काढली. त्या शाळेला नाव दिले कमला निंबकरांचे, ज्या स्वतः जन्माने अमेरिकन होत्या आणि ज्यांनी मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले.

या तिघींनी इथे येताना काय मोजले असेल? इथे त्यांना ना स्वस्त दवाखाना हवा होता, ना शांत बाग. वीज जायची, पाणी भरून ठेवावे लागायचे. त्यांच्या दृष्टीने चांगले आयुष्य म्हणजे ज्या कामात जीव आहे ते काम, आणि ज्यांच्यासाठी करायचे ती माणसे. त्या आल्या तेव्हा त्यांनी आपली भाषा शिकली, आपल्यासारखे राहिल्या, म्हणून त्यांच्यामुळे इथले कुणी हाकलले गेले नाही. कासेगाव इथून हाकेच्या अंतरावर, आणि मी मात्र अमेरिका वरच्या पायरीवर शोधत होते.

आता शेवटाकडे येते. गेल्या महिन्यात माझा पुतण्या, त्याच मास्तर भावाचा मुलगा, अमेरिकेत एम.एस. करायला निघाला आहे. चाळीस लाखांचे कर्ज, तारण म्हणून ती गावाबाहेरची जागा. भावाने मला विचारले, "अक्का, पाठवू का? तू सांगशील तसे." तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आज हाच प्रश्न असेल. मी 'जाऊ नको' म्हणाले नाही. मी गेले, माझे भले झाले, मग दुसऱ्याला अडवणारी मी कोण? मी त्याला वहीचे एक पान दिले आणि चार प्रश्न लिहून आण म्हटले. तू आजारी पडलास तर बिल कोण भरेल? दिवसातले किती तास तुझे स्वतःचे असतील? रात्री कशाची भीती न बाळगता झोपशील का? आणि तुझे म्हणावे असे माणूस किती अंतरावर असेल? पगाराचा आकडा या चार उत्तरांच्या खाली लिही, वर नको.

त्याने पान भरून आणले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवरून शोधून, व्यवस्थित. चौथ्यापुढे त्याने लिहिले होते, 'आत्या, तीन तास'. त्याने निवडलेल्या विद्यापीठापासून आमचे घर तेवढ्या अंतरावर आहे. ते वाचून माझा आणि ह्यांचा निर्णय झाला. पोर्तुगालचा व्हिसा आम्ही तूर्त मागत नाही. मुलीचे बाळ दोन वर्षांचे आहे, ते मला दारात ओळखते. ह्यांची मेडिकेअर दोन वर्षांत सुरू होईल. तोवर पेलेल तेवढे पेलू. आणि थंडीचे तीन महिने इथे यायचे, भावाच्या घरी, नवा प्लॉट न घेता. मुख्याध्यापकांना मी सकाळीच सांगितले आहे, त्या तीन महिन्यांत नववीच्या मुलांना व्यवहारातला हिशोब शिकवायला मी आठवड्यातून दोन दिवस येईन. कर्जाचे व्याज कसे चढते, विम्याचा कागद कसा वाचायचा, एवढेच. पगार घेणार नाही, शब्द पोर्तुगीज असला तरी.

मुलांनो, जगात जिना नाही. वेगवेगळी गावे आहेत. अमेरिकेतले शहाणे लोकसुद्धा आपला देश सोडताना वही-पेन्सिल घेऊन बसतात, आपणही बसावे. जिथे जाल तिथली भाषा शिका, आणि आपल्या जाण्याने तिथल्या कुणाचे घर महाग होत नाही ना, एवढे बघा.

बाई, रीत लिहिली आहे. उत्तर चुकले असेल तर गुण कापा.